गाडी कुठे लावायची, हे कोण ठरवणार?

बासी ईदला मालवण गाठायचे, ही गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांची नवी रीत झाली आहे. कोल्हापूर, मिरज, सातारा, पुणे, कुठूनही रात्री गाडी निघते. सकाळी मालवणची जेटी, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा, दुपारी मासे, संध्याकाळी तारकर्ली-देवबाग. पाण्याखाली जेमतेम पंधरा-वीस मिनिटे जातात आणि त्याआधी गाडीला जागा शोधण्यात तासभर. परत आल्यावर सांगायच्या गोष्टींत समुद्राखालचे मासे कमी आणि पार्किंगवरची भांडणे जास्त असतात. आज त्या भांडणांविषयीच लिहायचे आहे.

आपल्या वाचकांच्या तक्रारी साधारण एकाच ठशाच्या असतात. जागा रिकामी दिसत होती, पण भरली आहे असे सांगितले. शेजारच्या गाडीकडून एक रक्कम घेतली, आमच्याकडून दुसरी. आधी नाव विचारले, मग पुढे जा म्हणाले. हे सगळे धर्मामुळेच घडते असे आम्ही म्हणणार नाही. सुट्टीच्या दिवशी तिथे खरोखरच जागा नसते. पण काही वेळा ते धर्मामुळेही घडत असेल, आणि नेमके कोणत्या वेळी, हे सिद्ध करायचा मार्ग आपल्या हातात नसतो. पावती नाही, दरफलक नाही, पैसे घेणारा कोणाच्या वतीने उभा होता हे माहीत नाही. तोंडी नियमाविरुद्ध दाद मागणार तरी कुणाकडे?

म्हणून आमची भूमिका काहींना उलटी वाटेल. मालवण, तारकर्ली, देवबागमध्ये पार्किंगचे आणि किनाऱ्यावर जाण्याचे नियम आणखी कडक व्हायला हवेत. फक्त ते लेखी हवेत, सर्वांना सारखे हवेत आणि त्यांच्या खाली कोणाची तरी सही हवी.

कडक का, ते देवबागला गेलेल्याला समजावून सांगायला नको. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. मुख्य रस्ता एकच. त्यावर एक टेम्पो ट्रॅव्हलर तिरकी लागली की गाव बंद पडते. शाळेची रिक्षा अडते, मासळीचा टेम्पो अडतो, रुग्णवाहिकाही अडू शकते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. अशा वेळी किनाऱ्यापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता मोकळा असणे ही चैनीची गोष्ट नाही. ज्यांचे रोजचे जगणे त्या रस्त्यावर आहे, त्यांनी आपल्या गाड्यांना मर्यादा घालावी यात गैर काहीच नाही.

वाळूवर गाडी घालण्याचे वेड तर त्याहून वाईट. रिळासाठी भरतीच्या रेषेपर्यंत गाडी न्यायची, ती रुतली की गावकऱ्यांनाच हाका मारायच्या. ज्या वाळूवर आपण चक्कर मारतो तिथे रापण ओढली जाते. होडीतून जाळे समुद्रात पसरवून त्याची दोन्ही टोके माणसांनी किनाऱ्यावर ओढायची, ही जुनी सामूहिक मासेमारी. तिला लांबलचक मोकळा किनारा लागतो. पर्यटकांना तो मोकळा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो. आणि हे मच्छीमार म्हणजे कोणी 'ते' नव्हेत. कोकण किनाऱ्यावर गाबित, कोळी, भंडारी आहेत तसे दालदी मुसलमानही पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकत आले आहेत. स्थानिक विरुद्ध पर्यटक या भांडणाला हिंदू-मुसलमान असा रंग देणाऱ्यांना हे सांगायला हवे, आणि आपल्यातल्या तसे मानणाऱ्यांनाही.

(मालवण लांब राहिले. शुक्रवारी दुपारी आपापल्या मोहल्ल्यातल्या मशिदीबाहेर जाऊन पाहा. दोन्ही बाजूंना दुहेरी रांग, कुणाच्या तरी फाटकासमोर लावलेली बुलेट, मालक आत पहिल्या सफमध्ये. रस्त्यालाही हक्क असतो आणि वाटेतला अडथळा दूर करणे हा ईमानचा भाग आहे, ही शिकवण आपण मदरशात पाठ केली होती.)

आता लेखी का, ते पाहू. गाड्या कुठे लावायच्या हे ठरवण्याची रीत कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून वाहनतळ ठरवू शकतो. कलम ११५ नुसार एखाद्या भागात वाहनांना बंदीही घालता येते; ती महिन्याहून जास्त काळाची असेल तर राजपत्रात जाहीर करावी लागते. म्हणजे रस्त्यात दोरी बांधून उभा असलेला माणूस हा नियम होत नाही. त्याच्यामागे अधिसूचना किंवा ठराव असला पाहिजे आणि त्याच्या हातात पावतीपुस्तक.

त्या ठरावात काय असू शकत नाही, हे राज्यघटनेने सांगून ठेवले आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून आडकाठी करायला मनाई आहे. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांतल्या प्रवेशालाही तेच लागू आहे. यादीत जन्मस्थान आहे, हेही लक्षात घ्या. गावाबाहेरच्या वाहनाला शुल्क लावणे वेगळे आणि माणूस कुठला, कुणाचा हे विचारून वाट अडवणे वेगळे.

घटनेच्या त्या यादीत तलाव आणि विहिरी का आल्या, याचे उत्तर कोकणातच आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी प्याले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टाची लढाई १९३७ पर्यंत चालली. मुसलमानांना त्या तळ्यावर कधीच मज्जाव नव्हता. तरीही डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा आपली जमीन देणारा माणूस फत्तेखान नावाचा मुसलमान होता. ज्याच्यासाठी वाट मोकळी होती त्याने दुसऱ्यासाठी जागा करून दिली. आपल्या पोरांना हे नाव माहीत नसते, याचे आम्हाला वाईट वाटते.

स्थानिक संस्थेचा ठराव वाट उघडू शकतो तशी बंदही करू शकतो, हे महाडने तेव्हाच दाखवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यातल्या मढी गावच्या ग्रामसभेने यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना जागा न देण्याचा ठराव केला. तो लेखी होता, म्हणूनच प्रशासनाला त्याची चौकशी करावी लागली. त्याच महिन्यात खुद्द मालवणात एका भंगार व्यावसायिकाच्या दुकानावर नगरपरिषदेची तोडकामाची कारवाई झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर मालवणला जाऊ नका, असे आईवडील मुलांना सांगू लागले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. पण आपण तिथे जाणे सोडले, तर आपल्याला न अडवताही ती वाट आपल्यापुरती बंद होईल.

पार्किंगच्या पैशांचाही हिशेब मागितला पाहिजे. गाडीमागे घेतलेली रक्कम स्वच्छतागृहे आणि कपडे बदलायच्या खोल्यांवर खर्च होते का? मुलांना हा प्रश्न किरकोळ वाटतो. ते गाडीच्या आड टॉवेल गुंडाळून मोकळे होतात. आपल्या मुलींसाठी मात्र कडी लागणारी खोली आहे की नाही यावर पाण्यात उतरायचे की किनाऱ्यावर पिशव्या सांभाळत बसायचे ते ठरते. वेटसूट सगळे अंग झाकतो, त्यामुळे घरच्यांची परवानगी एक वेळ मिळून जाते. अडते ते दार नसलेल्या पत्र्याच्या आडोशापाशी. हा प्रश्न फक्त मुसलमान मुलींचा नाही, हे सांगायला नकोच.

२६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. पुढच्या हंगामाचे नियम ठरवायला हीच सवड असते आणि १५ ऑगस्टची ग्रामसभाही याच काळात येते. सिंधुदुर्गातले आपले जे वाचक तारकर्ली किंवा देवबागचे मतदार आहेत, त्यांनी त्या सभेला जावे, गावातल्या मच्छीमारांशी आधी बोलून जावे, आणि दरफलक, छापील पावती, रुग्णवाहिकेसाठी राखीव पट्टा व वाळूवर वाहनबंदी हे विषय लेखी द्यावेत. मालवण शहरासाठी हेच पत्र नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे जाईल. बाहेरच्यांना ग्रामसभेत मत नाही, पण १० रुपये भरून माहितीचा अधिकार वापरता येतो. गेल्या हंगामात पार्किंग शुल्क कोणत्या ठरावाने घेतले, किती जमा झाले आणि कशावर खर्च झाले, एवढेच विचारायचे. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्जाचा मराठी आणि उर्दू नमुना आम्ही तयार ठेवला आहे. मागेल त्याला पाठवू.