मातीची साय

आज ५ डिसेंबर, जागतिक मृदा दिन. थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या जन्मदिवशी तो पाळावा, अशी शिफारस मृदाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने २००२ मध्ये केली आणि संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेनंतर २०१४ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. आपल्याकडेही आज ठिकठिकाणी कार्यक्रम होतील, माती परीक्षणाच्या पत्रिका वाटल्या जातील, सेंद्रिय कर्बावर भाषणे होतील. ते सारे व्हायलाच हवे. पण जिच्यात नांगर कधी गेला नाही आणि जाणारही नाही, अशा मातीची आठवण आजच्या दिवशीही कोणी काढत नाही. तिच्यासाठी आजची ही जागा.

दूध तापवून निवत ठेवले आणि कोणी ढवळले नाही, की त्यावर साय धरते. कोरड्या मुलखातल्या उघड्या मातीवरही अशीच साय धरते, फक्त तिला वर्षानुवर्षे लागतात. नीलहरित शेवाळ, बुरशी, जिवाणू, मॉससारखी इवलीशी शेवाळी आणि आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडे अशी सगळी मंडळी मिळून मातीच्या वरच्या काही मिलिमीटरांत संसार थाटतात. जगातल्या एकूण जमिनीपैकी सुमारे १२ टक्के जमीन अशा जिवंत कवचाखाली असल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शेतकऱ्याच्या ओळखीचा पापुद्रा वेगळा. पेरणीवर जोराचा पाऊस पडला की रानाला जो पापुद्रा येतो तो निर्जीव असतो, अंकुर अडवतो, तो फोडावाच लागतो. ही साय मात्र सजीव आहे आणि तिचा मोठेपणा ती फुटल्यावरच कळतो.

हे सर्वांत लख्ख दिसते ते अमेरिकेतल्या यूटा राज्यात. मोआब गावाजवळच्या आर्चेस आणि कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानांत वाळूवर काळसर, खडबडीत, करपलेल्या भाकरीसारखा थर पसरलेला दिसतो. त्याचा तुकडा अलगद उचलला, तर खालून वाळूचे कण लोंबत राहतात. ओवलेल्या मण्यांसारखे, फक्त दोरा दिसत नाही. हा दोरा म्हणजे मायक्रोकोलिअस नावाचे नीलहरित शेवाळ. त्याच्या तंतूंभोवती चिकट वेष्टन असते. पाऊस पडला की तंतू वेष्टनातून सरकत बाहेर येतात, माती वाळू लागली की थांबतात आणि पुढच्या ओलीला आणखी पुढे जाऊन नवे वेष्टन विणतात. जुनी वेष्टने मागेच राहतात, कणांना धरून. वर्षानुवर्षे हे विणकाम चालते, म्हणून तिथली वाळू वाऱ्याला दाद देत नाही. त्याच थरातली इतर नीलहरित शेवाळे आणि दगडफुले हवेतला नत्र मातीत आणतात. माती, खडक आणि झाडांची खोडे यांवरची अशी सारी आवरणे मिळून जमिनीवरच्या जैविक नत्र स्थिरीकरणापैकी जवळजवळ निम्मा वाटा उचलतात, असा हिशेब जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये मांडला.

एवढे सगळे सांभाळणारा हा थर एका बुटाखाली चुरा होतो. नीलहरित शेवाळ काही वर्षांत परतते, दगडफुले आणि मॉससारखी शेवाळी परतायला मात्र कित्येक दशके जातात, कुठे कुठे त्याहूनही जास्त. जेन बेलनॅप या परिसंस्थाशास्त्रज्ञ मोआबमध्ये राहून दशकानुदशके हेच मोजत आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या पठारांवर गुरांचे मोठमोठे कळप आले, खुरांखाली साय फुटली आणि धूळ उठली. ती किती उठली, हे शेजारच्या राज्यातल्या सान हुआन पर्वतातल्या तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळाने सांगितले. त्या काळापासून गाळातली धूळ कित्येक पटींनी वाढलेली आढळली. हीच तांबूस धूळ रॉकी पर्वताच्या बर्फावर बसते. मळलेले बर्फ ऊन जास्त शोषते आणि सुमारे तीन आठवडे आधीच वितळून वाहू लागते. जमीन लवकर उघडी पडते, झाडेझुडपे लवकर पाणी ओढू लागतात आणि कोलोरॅडो नदीच्या पाण्यात सुमारे पाच टक्के घट येते, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्या नदीवर आज सुमारे चार कोटी माणसे अवलंबून आहेत. त्यांच्या नळाच्या पाण्याचा संबंध शेकडो किलोमीटरवरच्या गुरांच्या खुरांशी असा जुळतो.

शेवाळ आणि माती यांच्या नात्याचा हा विषय भारताला परका नाही. भातखाचरांची नत्राची गरज पाण्यातले नीलहरित शेवाळ भागवते, हे शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले. आर. एन. सिंग यांनी उत्तर प्रदेशातल्या उसर, म्हणजे खारवट जमिनींना बांध घालून पावसाचे पाणी अडवले, त्यात शेवाळ वाढू दिले आणि हंगामागून हंगाम ती जमीन सुधारत गेली. १९५० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. ज्या देशात हे काम झाले, त्या देशाच्या मृदा दिनाला शेवाळाचे नावही निघू नये, याचे वाईट वाटते.

आणि आपला सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार? कोकणातले जांभ्याचे सडे, साताऱ्याजवळचे कास पठार, जे २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा आहे. पावसाळ्यात इथे सीतेची आसवे आणि दवबिंदू फुलतात. या वनस्पती कीटकही खातात, कारण पायाखालच्या पातळशा मातीत नत्र जेमतेम असतो. अशा ठिकाणी शेवाळाने आणलेला कणभर नत्रही मोलाचा. पण सातबाऱ्यावर अशी जमीन ‘पोटखराब’, बोलण्यात ‘पडीक’, आणि व्यवहारात चिऱ्याची खाण किंवा गाड्या लावायची जागा. एखादा सडा खाणीला देण्यापूर्वी त्याच्यावरच्या या सजीव आवरणाची साधी नोंद तरी व्हावी. कृषी विद्यापीठे आणि वन विभागाने ती करावी. फुले पाहायला येणाऱ्यांनी आखलेल्या वाटेवरूनच चालावे, हा नियम फुलांइतकाच कातळावरच्या काळ्या थरासाठीही आहे, हे तिथल्या फलकांवर लिहावे. याला मोठा खर्च नाही.

आता डिसेंबरात सड्यावर फुले नाहीत, गर्दीही नाही. कातळ काळा पडलेला आहे. तो काळेपणा बराचसा वाळून निजलेल्या शेवाळाचा. त्यातून जाणारी पायवाट लांबूनही ओळखू येते: दोन्ही बाजूंचा कातळ काळा आणि माणसे चालतात तेवढीच पट्टी जांभ्याच्या मूळ रंगाची, तांबूस.