वीस गुणांचे बोलणे

दहावीच्या भाषा विषयांत तोंडी परीक्षेला 20 गुण असतात. 2019 च्या परीक्षेत मंडळाने ते काढून घेतले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही नवा होता, पण ओरड झाली ती या गुणांसाठी. काही महिन्यांतच ते परत मिळाले. परत आले ते फक्त गुण. अमरावती-अकोल्याच्या कितीतरी शाळांत आजही तोंडी परीक्षा म्हणजे घोकलेला ‘माझा आवडता सण’ आणि भरलेला गुणतक्ता.

मुलांना बोलते करून भाषा शिकवावी, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी केव्हाच मान्य केले. अडते वर्गात. साठ मुलांकडून संवाद कसा करवून घ्यायचा, हा शिक्षकांचा प्रश्न खराच. पण इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिणेतल्या साध्या शाळांत केलेला प्रयोग इथे आठवावा. गट पाडण्यावर त्यांचा भर नव्हता, शिक्षकच सगळा वर्ग चालवी. मुलांपुढे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि त्यावरचे कोडे इंग्रजीतून सोडवून घ्यायचे. बडनेऱ्याहून अकोल्याला दोनच्या आत पोचायचे तर कोणती गाडी धरावी, हे विचारायला कसला निधी लागतो? उत्तर शोधण्याच्या नादात मूल भाषा वापरू लागते. मात्र त्यासाठी शिक्षकाला स्वतःला इंग्रजी बोलता यायला हवे. 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हापासून नेमकी हीच तयारी अपुरी राहिली.

मराठीच्या तासाला ‘काहून’, ‘कायले’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी पोराला पहिल्याच वाक्यावर टोकले, तर ते वर्षभर तोंड उघडत नाही. म्हणून आधी त्याला बोलू द्यावे. पण उद्या त्याला नोकरीचा अर्ज लिहायचा आहे, स्पर्धा परीक्षेचा पेपर सोडवायचा आहे. ‘समजलं ना, मग झालं’ एवढ्यावर तिथे भागत नाही. व्याकरण आणि लेखन नेटाने शिकवावेच लागते.

सर्वांत मोठा अन्याय मेळघाटात होतो. धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलाला मराठीच परकी. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचे नाते नाही. तरी शाळा त्याच्यापुढे मराठी मुळाक्षरे ठेवते, जणू त्याच्या घरात हीच भाषा बोलतात. तिथे आधी कोरकूतून गोष्टी-गाणी, मग ऐकून-बोलून मराठी आणि त्यानंतर वाचन, हाच क्रम हवा. अमरावती जिल्हा परिषदेने तिथल्या पहिली-दुसरीला कोरकू जाणणारे शिक्षकच द्यावेत. आणि विभागीय मंडळाने दहावीची तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून, मुलांनी आधी न पाहिलेल्या चित्रावर घ्यावी.