यंदाच की पुढच्या वर्षी?

वाचकहो, दिवाळीच्या अंकात प्रवासाचा फराळ वाढायचा, हा या सदराचा जुना शिरस्ता आहे. यंदा तुम्हांला मेक्सिकोला नेणार आहे, आणि तेही शिडाच्या होडीतून! घाबरू नका. होडी लागण्याचा त्रास ज्यांना व्हायचा होता त्यांना होऊन गेला. तुम्ही खुशाल आरामखुर्चीत बसून चकली मोडावी.

मेक्सिको म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रुंद कडांची टोपी, निवडुंग आणि पिस्तूल असा संच उभा राहतो. हा सिनेमाचा प्रताप. मी कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो शहरी तीस वर्षे इंजिनियरची नोकरी केली. तिथून मेक्सिकोची हद्द मोटारीने अर्ध्या तासाची, तरी माझीही समजूत फारशी निराळी नव्हती. निवृत्त झाल्यावर एक ३४ फुटी जुनी होडी घेतली. ही होडी माझ्या मुलीहून वयाने मोठी. दर हिवाळ्यात आमच्या धक्क्यावरची पाचपंचवीस मंडळी दक्षिणेकडे शिडे फिरवीत निघून जात आणि आम्ही हात हालवीत उभे राहत असू.

२०१८ साली आमच्या सौ.चे मोठे आजारपण झाले. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. 'तूर्त ठीक आहे,' असे डॉक्टर म्हणाले. वाचकहो, या 'तूर्त' शब्दाइतका चिवट शब्द दुसरा नसेल. तो घरात शिरला की सगळे बेत खुंटीवर टांगून ठेवतो. पुण्याचे आमचे वडीलबंधू म्हणाले, "एक वर्ष दम धरा." मुलगी म्हणाली, "बाबा, आईला घेऊन समुद्रावर? आता?" मी सौ.ला विचारले, "यंदाच की पुढच्या वर्षी?" ती कॅलेंडरापुढे उभी होती. म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी सहा महिन्यांनी बोलावलंय. मेक्सिकोचा परवानाही १८० दिवसांचाच. जमलं की!"

२०१९ च्या २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन आटोपले आणि दोन दिवसांनी आम्ही नांगर उचलला. त्याआधी निघण्याची सोय नव्हती. मेक्सिकोच्या त्या किनाऱ्यावर उन्हाळा-पावसाळ्यात चक्रीवादळांचा मोसम असतो. २०१४ च्या सप्टेंबरात 'ओदील' नावाच्या वादळाने ला पासच्या बंदरात कित्येक होड्या बुडविल्या. म्हणून विमा कंपन्या नोव्हेंबरापर्यंत दक्षिणेत उतरू देत नाहीत. आपल्या कोळीबांधवांना नारळी पौर्णिमा दर्या मोकळा करून देते, आम्हांला तो विम्याचा कारकून करून देतो, एवढाच फरक!

पहिला मुक्काम एन्सेनादा बंदरी पडला. कागदपत्रांवर शिक्के मारून घेण्यात १ आणि २ नोव्हेंबर गेले, आणि ते बरेच झाले. ते दिवस तिथल्या सर्वपित्रीचे! घरोघर आणि दुकानोदुकानी गेलेल्या माणसांच्या तसबिरी मांडलेल्या, पुढे त्यांच्या आवडीचे पदार्थ, मेणबत्त्या, आणि सगळीकडे झेंडू! सौ. म्हणाली, "आपला झेंडू इथपर्यंत पोचला!" खरी गोष्ट उलटी आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिकडे त्याला सेंपासुचिल म्हणतात. दसऱ्याच्या ज्या तोरणावाचून आपले पान हालत नाही, ते फूल सातासमुद्रांपलीकडून आपल्या दारी आले. मिरची, टोमॅटो, मका आणि पपई यांचीही तीच कथा. चिकूचे तर नावही 'चिकोसापोते' या तिकडल्या नावावरून पडले.

सॅन दिएगोपासून काबो सान लुकास हे द्वीपकल्पाचे टोक सुमारे ७५० सागरी मैल. वारा पाठीमागून, पाळी तीन तासांची. रात्री एकाने सुकाणूपाशी बसायचे आणि दुसऱ्याने झोपेचे सोंग करायचे. टोकाला वळसा घातला की बाहा कालिफोर्निया आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये शिरलेला अरुंद, लांबलचक समुद्र लागतो. तोच कोर्तेसचा समुद्र. त्याच्या काठी ला पास. नावाचा अर्थ शांती. डिसेंबरच्या आरंभी आम्ही तिथे बिऱ्हाड थाटले.

बिऱ्हाड म्हणजे अगदी वाड्यातले बिऱ्हाड! सकाळी आठाला रेडिओच्या बावीस नंबरवर सगळ्या होड्यांची हजेरी. कुणाला दातांचा डॉक्टर हवा, कुणाचा पंप विकायचा आहे, कोण उद्या निघणार. नळावरच्या गप्पांत आणि यांत मला तरी भेद दिसला नाही. ला पासला नांगरलेल्या होड्या एका दिशेला तोंड करून कधी उभ्या राहत नाहीत. ओहोटीची ओढ एकीकडे, वारा दुसरीकडे. ज्या होडीचा तळ खोल ती पाण्याचे ऐकते, उथळ ती वाऱ्याचे. शेजारीण पहाटे पाहावी तर डाव्या हाताला, संध्याकाळी उजव्या! तिकडे याला 'ला पासचे वॉल्ट्झ नृत्य' म्हणतात.

बाजारात मक्याच्या तोर्तिया मिळत. सौ.ने दुकानदारिणीपाशी बसून कृती पाहिली आणि चकित झाली. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, रात्रभर मुरवून मग दळायचा. हा उद्योग हजारो वर्षांपासूनचा आहे. चुन्याने मक्याचे साल सुटते आणि त्यातले एक जीवनसत्त्व अंगी लागण्याजोगे होते. युरोपीय लोकांनी मका नेला, पण चुना नेला नाही. पुढे मक्यावरच गुजराण करणाऱ्या तिकडल्या गरिबांना पेलाग्रा रोगाने गाठले. परक्याच्या घरचे धान्य उचलावे, पण त्याबरोबर तिथल्या आजीलाही दोन प्रश्न विचारावेत!

एकेकाळी हे शहर मोत्यांसाठी प्रसिद्ध होते. मोत्यांची कालवे इतकी उपसली की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच धंदा बसला. जॉन स्टाइनबेक १९४० साली आपल्या जीवशास्त्रज्ञ मित्राबरोबर याच समुद्रात हिंडला, आणि त्याची १९४७ ची 'द पर्ल' ही कादंबरी ला पासचीच. जवळच एस्पिरितू सांतो हे निर्जन बेट आहे. तांबडे कडे, हिरवट निळे पाणी, उत्तर टोकाच्या खडकांवर समुद्रसिंहांची वसाहत. जानेवारीत तिथे आम्हांला 'नोर्ते' ने गाठले. अमेरिकेच्या आतल्या भागात थंड, जड हवा साचली की ती या समुद्राच्या बोळातून दक्षिणेकडे धावत सुटते आणि तीनतीन-चारचार दिवस थांबत नाही. आम्ही एका खाडीत नांगर टाकून तीन रात्री बसलो. साखळी कुरकुरली की मी उठे, मी उठलो की सौ. उठे. तिसऱ्या रात्री ती म्हणाली, "इस्पितळातल्या रात्रींपेक्षा ही बरी. इथे निदान काय वाजतंय ते कळतं." मी काही बोललो नाही. चहा केला.

वाऱ्याच्या त्या तऱ्हा मला शिकविल्या एका पांगावाल्याने. पांगा म्हणजे मोटर बसविलेली उघडी होडी. हा चाळिशीचा गृहस्थ हिवाळ्यात प्रवाशांना देवमुशी दाखवायला नेई. हा मासा प्रचंड, पण तोंड उघडे ठेवून पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. एकावेळी किती होड्यांनी जायचे याचेही तिथे नियम आहेत. वसंतापासून रात्री जमिनीवरून सुटणाऱ्या 'कोरोम्वेल' वाऱ्याची त्याने गोष्ट सांगितली तेव्हा मला आपल्या कोकणचा मतलई आठवला.

फेब्रुवारीत होडी त्याच्यावर सोपवून आम्ही मेक्सिको शहरी गेलो. तिथल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत दिएगो रिव्हेराने १९२३ ते १९२८ या काळात भिंतीच्या भिंती रंगविल्या आहेत. एका चित्रात मेजाभोवती माणसे बसली आहेत, आणि भाकरी वाटणारा तो मनुष्य आपले पांडुरंग खानखोजे, असे सांगतात. विदर्भातला हा तरुण गदर चळवळीत पडला, देशोदेशी फिरला आणि १९२४ साली मेक्सिकोला पोचला. चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवले, मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर परतून १९६७ साली नागपुरास वारला. मायदेशाची वाट बंद असता त्याने परक्या देशाची भाकरी नुसती खाल्ली नाही, वाढविली. सौ. त्या चित्रापुढे बराच वेळ उभी होती. "पाहुण्यानं असं राहावं," एवढेच म्हणाली.

ते वाक्य महिन्याभरात कामी आले. मार्च २०२० मध्ये आठच्या रेडिओवर पंपाच्या जागी बंद झालेल्या बंदरांची यादी येऊ लागली. आमच्या शेजारचे जोडपे ताहितीकडे निघायच्या बेतात, डबे भरून बसलेले. तिकडचा दरवाजाच मिटला. २१ मार्चला अमेरिकेची जमिनीवरची हद्द सर्वसाधारण प्रवाशांना बंद झाली, २२ ला हिंदुस्थानची आंतरराष्ट्रीय विमाने थांबली. पुण्याला एप्रिलात भाचीच्या लग्नाला जायचे होते, ते राहिले. होडी उलट्या वाऱ्यात परत नेणे म्हणजे तीन आठवडे, आणि सौ.च्या तपासणीची तारीख जवळ. २५ मार्चला आम्ही विमान धरले.

आमचा मोसम बुडाला तो असा, विमानात बसून. पांगावाल्याचा बुडाला तो चुलीपाशी. ३० मार्चला मेक्सिकोने आरोग्याची आणीबाणी पुकारली, प्रवासी नाहीसे झाले आणि त्याची होडी वाळूवर चढली. निघण्याआधी सौ.ने हिशेब केला. परतीच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेली रक्कम आणि पुण्याच्या तिकिटांचे पैसे मिळून आठ महिन्यांचा पगार म्हणून त्याच्या हाती ठेवला. काम होडी राखण्याचे. तो म्हणाला, इतके काम होडीत नाही. ती मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "नसेल तर शोधा!" त्याने शोधले. दर रविवारी छायाचित्र येई. आज डोलकाठीच्या दोऱ्या बदलल्या, आज तळ घासला. २०२१ साली आम्ही होडी विकली तेव्हा ती आम्ही घेतली त्याहून देखणी होती.

सौ.ची तपासणी लांबत लांबत जूनमध्ये झाली. डॉक्टर पुन्हा म्हणाले, "तूर्त ठीक." आज देवदयेने तेच चालू आहे, फक्त तिचे गुडघे होडीच्या शिडीशी बोलत नाहीत.

'पुढच्या वर्षी' म्हणून २०१९ मध्ये थांबलो असतो तर काय झाले असते, हे तुम्हीच ताडा. मी कुणाला पेन्शन मोडून होडी घ्या असे सांगत नाही. पण तुमच्याही घरी एखादा बेत माळ्यावर बांधून ठेवलेला असेल. आईला कोकणातले माहेर दाखवायचे, जुन्या मित्राच्या गावी दोन दिवस राहायचे, असा लहानसाच असेल. या दिवाळीत माळा झाडाल तेव्हा तो खाली काढा, धूळ पुसा आणि कॅलेंडरापुढे धरून पाहा. जमण्याजोगा असला तर पाडव्याला तारीख घालून टाका. आणि ज्याच्या घरी पाहुणे म्हणून जाल, त्याच्या चुलीचीही दोन शब्दांनी चौकशी करा.