फुंकणी कुणाच्या हाती?

मागच्या दिवाळीत आमच्या ओसरीवर एका बटाट्यावरून भांडण झाले. माझा भाचा न्यू जर्सीहून आला होता. तिकडे परसात गॅसची मोठी, झाकणाची जाळीशेगडी असते आणि तिच्यावर तो अख्खे बटाटे भाजतो, असे त्याने चकली मोडता मोडता सांगितले. झाले! फराळाला आलेले एक रसिक गृहस्थ लाडू हातात धरूनच उसळले.

"गॅसवरचा बटाटा? अरे, बटाटा भाजावा तो चुलीच्या फुफाट्यात! धुराचा वास लागल्याशिवाय चव कसली?"

मंडळींनी माना डोलावल्या. मीही डोलावली. कारण ते वाक्य त्यांनी माझ्याच कादंबरीतून उचलले होते.

तेवढ्यात आई दाराशी आली. म्हणाली, "तुमच्यापैकी फुंकणी कुणी धरली होती रे?"

कुणी बोलेना. ओसरीवर आम्ही सात पुरुष होतो.

वाचकहो, मी मॅट्रिक झालेला एक साधा मास्तर. पण त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते माझ्या कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणून हे लिहितो आहे. हल्ली कुठल्याही हमरस्त्याला लागा, ढाब्याढाब्यावर पाट्या दिसतात: चुलीवरचे मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ. आपण मोटार थांबवतो, बोटे चाटतो, गावाच्या आठवणीने गहिवरतो आणि निघून जातो. मागच्या पत्र्याच्या आडोशाला ओली लाकडे फुंकत कोण बसले आहे, हे पाहायला कुणी जात नाही.

माझ्या आईने चाळीस वर्षे चूल फुंकली. पावसाळ्यात भिजलेले बाभळीचे सरपण, तुराट्या, अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या. आमच्या घरी गॅस आला तो २००४ साली. तोवर खोकला तिच्या छातीत कायमचा मुक्कामाला आला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, "आजी, बिडी ओढता का?" आई हसली. मला मात्र हसू आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आणि मी माझ्या कादंबरीत त्याच धुराला 'मायेचा सुगंध' म्हणून दोन पाने लिहिली होती!

आता चवीचे बोलू. फुफाट्यातला बटाटा रुचकर लागतो, हे मी नाकारीत नाही. शिमग्याच्या होळीत भाजलेला बटाटा मीही हात पोळवून खाल्ला आहे. पण तो रुचकर का लागतो? तो राखेखाली गाडलेला असतो. त्याला चहूबाजूंनी कोरडी, मंद, सारखी धग मिळते. धूर त्याच्यात फारसा शिरतच नाही. धूर शिरतो तो फुंकणारीच्या डोळ्यांत. धगच हवी असेल, तर ती गॅसही देतो.

लोक गॅसला नावे ठेवतात, कारण ते बटाटा सरळ जाळावर धरतात. साल कोळसा होते, गाभा कच्चा राहतो. दुसरे शहाणे त्याला चांदीसारख्या कागदात गुंडाळतात. बटाट्यात पाचांतले चार भाग पाणीच. त्याची वाफ आत कोंडते, मग तो भाजलेला कसला, उकडलेलाच! भाच्याची रीत अशी: बटाटे धुऊन कोरडे करायचे, काट्याने टोचायचे, तेल-मीठ चोळायचे. शेगडीचा एका बाजूचा बर्नर पेटता ठेवून बटाटे दुसऱ्या, विझलेल्या बाजूला मांडायचे आणि झाकण लावायचे. आत सुमारे २०० अंश उष्णता राहिली, की तासाभरात सुरी लोण्यासारखी आत जाते.

आपल्याकडे ती शेगडी नसते म्हणून अडत नाही. जाड लोखंडी तवा, त्यावर अडणी, अडणीवर बटाटे, वरून पातेले पालथे. आच मंद. अधूनमधून फिरवा. तास-सव्वा तास धीर धरा. रसिकांना तेवढा धरवत नाही, ही गोष्ट वेगळी. बटाटे जुने घ्यावेत, ते पिठूळ होतात.

आणि हो, 'आपल्या मातीतली चव' म्हणणाऱ्यांना एक सांगतो. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला, येताना नावही घेऊन आला. तो सातासमुद्रांपलीकडून आलेला चालतो, फक्त त्याच्याखालचा जाळ तेवढा आजीच्या काळचा हवा!

एक आक्षेप खरा आहे. २०१६ सालच्या उज्ज्वला योजनेने गरिबांच्या घरी टाक्या पोचल्या, पण त्या पुन्हा भरायला पैसे लागतात. ते नसले की बाई चुलीकडे परतते. ती परतते रिकाम्या टाकीमुळे, चवीसाठी नव्हे. तिच्या अडचणीवर आपण 'अस्सल'पणाची पाटी लावू नये.

माझ्या कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. ती दोन पाने मी काढली. प्रकाशक हळहळले, वाचकांना नेमकी तीच आवडतात म्हणे.

त्या संध्याकाळी आम्ही तव्यावर बटाटे भाजले. रसिक गृहस्थांनी दोन खाल्ले, तिसरा फोडता फोडता म्हणाले, "छान आहे, पण चुलीवरचा असता तर..."

आई म्हणाली, "फुंकणी माळ्यावर आहे अजून. काढून देऊ?"

त्यांनी मीठ मागितले.