गौरव फाइलीचा की माणसाचा?

शाळेतील शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या मूल्यनिष्ठेचा सरकारी गौरव असावा का, या प्रश्नाला उज्जैनमध्ये थेट पुराणकथेचा आधार मिळतो. अंकपात भागातील सांदीपनी आश्रम कृष्ण, बलराम आणि सुदामा यांचे गुरुकुल मानला जातो. मध्य प्रदेश सरकारने २०२५ मध्ये आपल्या ‘सीएम राइज’ शाळांना सांदीपनींचेच नाव दिले. पुरस्कारांवरचा पहिला आक्षेपही याच परंपरेच्या नावाने घेतला जातो: गुरू निरिच्छ असतो, त्याला सत्कार कशाला?

मूळ कथा तसे सांगत नाही. शिक्षण संपल्यावर शिष्यांनी ‘गुरुदक्षिणा काय देऊ?’ असे विचारले, तेव्हा सांदीपनींनी पत्नीशी विचारविनिमय करून प्रभासच्या समुद्रात गमावलेला आपला मुलगा परत मागितला. गुरूला काही हवे होते, ते त्याला विचारले गेले आणि त्याने ते मोकळेपणी सांगितले. आजच्या सत्कारात हे विचारणेच गळून पडले आहे. शाल, श्रीफळ आणि अभिनंदनपत्र आधीच ठरलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पुरस्कार काम करणाऱ्याला मिळत नाही, अर्ज करता येणाऱ्याला मिळतो, असे शिक्षकांच्या खोलीत उघडपणे बोलले जाते. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिले जातात. २०१८ मध्ये त्यांची पद्धत बदलली: संख्या बरीच घटवली गेली आणि शिक्षकाने स्वतःच ऑनलाइन नामांकन भरण्याची सोय झाली. अर्जासोबत कागदपत्रे, उपक्रमांचे अहवाल, छायाचित्रे आणि चित्रफिती जोडाव्या लागतात. जिल्हा समिती त्यांतून मोजकी नावे राज्याकडे पाठवते आणि अंतिम निवड राष्ट्रीय परीक्षक मंडळ करते. वरून शिफारस लावण्याचा जुना मार्ग यामुळे अरुंद झाला, हे मान्यच करावे लागेल. पण त्याच्या जागी फाइल आली. उपक्रम छायाचित्रासाठी होऊ लागले, की छायाचित्रात न मावणारे काम मागे पडते, आणि मूल्यनिष्ठेचे बहुतेक काम याच जातीचे असते.

फाइल करण्याचा हक्कही सर्वांना नाही. राष्ट्रीय पुरस्काराच्या नियमांत कंत्राटी शिक्षक आणि शिक्षामित्र (मानधनावरचे सहायक शिक्षक) बसत नाहीत. मध्य प्रदेशातील असंख्य सरकारी शाळा अतिथी, म्हणजे मानधनावरच्या तात्पुरत्या, शिक्षकांच्या बळावर चालतात. त्यांचे मानधन २०२३ मध्ये दुप्पट झाले, तेव्हा सर्वांत खालच्या वर्गाचे पाच हजारांवरून दहा हजार झाले. शिपाई, लिपिक आणि माध्यान्ह भोजन रांधणाऱ्या बाया या तर शिक्षक पुरस्कारांच्या कक्षेतच येत नाहीत.

फाइलीत न मावणाऱ्या कामाचे एक उदाहरण: २०२५ च्या श्रावणात महाकालाच्या सवारीमुळे, म्हणजे पालखीच्या मिरवणुकीमुळे, उज्जैनच्या शाळांना सोमवारी सुट्टी आणि त्याऐवजी रविवारी वर्ग, असा आदेश निघाला. अशा रविवारी फाटक उघडायचे, टाकीत पाणी आहे का पाहायचे, घरी सुट्टी असलेली माणसे सोडून वर्गात उभे राहायचे. यातले काहीही कोणत्या अर्जाच्या रकान्यात लिहिणार?

पुरस्कार बंदच करावेत, असे म्हणणारे येथे समाधानाने मान डोलावतील. मूल्य मोजता येत नाही, मग त्याचा गौरव कसला, असा त्यांचा तिसरा मुद्दा आहे. मूल्य मोजता येत नाही हे खरेच, पण ते दिसते, आणि किंमत मोजावी लागते तेव्हा सर्वांत स्पष्ट दिसते. उज्जैनच्या माधव महाविद्यालयातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा २६ ऑगस्ट २००६ रोजी मृत्यू झाला. गैरप्रकारांच्या कारणावरून विद्यार्थी संघाची निवडणूक रद्द झाली होती. त्यावरून उसळलेल्या वादात त्यांना मारहाण झाली होती. खटला नागपूरला हलवला गेला, अनेक साक्षीदार उलटले आणि २००९ मध्ये सर्व आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. महाविद्यालयाचे हे उदाहरण टोकाचे आहे. मात्र उत्तरपत्रिकेतले गुण न बदलणारा लिपिक किंवा दबाव आला तरी हजेरीपट खरा ठेवणारा मुख्याध्यापक याच वाटेवर, बराच अलीकडे, उभा असतो. अशा माणसाच्या पाठीशी कोण उभे राहते, हे बाकीचे कर्मचारी पाहत असतात. गौरव बंद केला तर हे पाहणे थांबत नाही; उलट एकट्याने ठाम राहणारा वेडा ठरतो, एवढाच निष्कर्ष उरतो.

म्हणून गौरव हवा, पण वेगळ्या रीतीने. स्वतःचे नाव स्वतः भरण्याऐवजी ते शेजारी काम करणाऱ्याने सुचवावे आणि एका प्रसंगासह सुचवावे: अमुक दिवशी अमुक दबाव होता आणि या व्यक्तीने अमुक केले. ‘कर्तव्यदक्ष’, ‘विद्यार्थीप्रिय’ अशी विशेषणे मानपत्रात नकोत; ती कोणालाही चिकटतात. निवडीची पहिली पातळी जिल्हा नसावी. ज्याला त्या भागातली माणसे नावानिशी ठाऊक असतात असे जनशिक्षा केंद्र किंवा शाळा-संकुल ही पातळी योग्य. अतिथी शिक्षक, शिपाई आणि स्वयंपाकिणी यांना त्याच यादीत, त्याच मंचावर स्थान मिळावे. त्यांच्यासाठी ‘उत्तेजनार्थ’ असा वेगळा कप्पा काढणे हा अपमानच.

सन्मानाने मानधनाची भरपाई होत नाही, हा कर्मचारी संघटनांचा आक्षेप पूर्ण रास्त आहे. मात्र तो गौरवाविरुद्ध जात नाही, सन्मान करून मागणी दडपण्याविरुद्ध जातो. सांदीपनींच्या कथेतला प्रश्न इथेच उपयोगी पडतो. ज्याची निवड झाली त्याला काय हवे, हे समितीने आधी विचारावे. उत्तर बहुधा साधे असेल: थकलेले मानधन, बदलीच्या अर्जावर निर्णय, मतदार यादीच्या कामातून एका वर्षाची सुटका, नाहीतर स्वयंपाकघराला धुराडे.

स्थानिक निवडीत वशिला शिरेल, ही भीती अनाठायी नाही. त्यावर उपाय एवढाच की सुचवणाऱ्याचे नाव आणि निवडीचा प्रसंग शाळेच्या फलकावर लावावा, त्यावर हरकत घ्यायला महिनाभर मुदत द्यावी आणि समितीत बसणाऱ्यांना त्या वर्षी पात्र धरू नये.