कोजागरीची मागणी आणि आपला गोठा

कोजागरीला दुधाची मागणी एकदम चढते. ती पाहून माणच्या एखाद्या रतीबवाल्याला आणखी एक म्हैस घ्यावीशी वाटणे साहजिक आहे. पण मागणी एका रात्रीत ओसरते, म्हैस मात्र चारा रोजच खाणार! घरचीच म्हैस वाढवायची तर गाभण राहिल्यापासून विण्यास सुमारे ३१० दिवस लागतात. मार्च २०२० मध्ये शेजारच्या हिंजवडीतील कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा धारा काही थांबल्या नाहीत.

म्हणून गोठा बारमाही रतिबावर बेतावा. कारभारणीने गिऱ्हाईकवार वही ठेवावी. कॅन्टीनवाल्याचे शनिवार-रविवारचे लिटर वेगळ्या रकान्यात मांडावेत. सणाचे जादा दूध किती, हे आठ दिवस आधीच विचारावे आणि कमी पडेल ते शेजारच्या गोठ्यातून ठरवून घ्यावे.