न मागितलेली सवलत

(द्वितीय वर्ष, कला)

‘सवलत’ हा शब्द आपल्याकडे एस.टी.च्या पासापासून परीक्षेच्या फीपर्यंत सर्वत्र गोड लागतो. सवलत नको म्हणणारा माणूस एक तर श्रीमंत असावा, नाहीतर माजलेला, असा सर्वसाधारण समज. मी दोहोंपैकी एकही नाही. तरीही न विचारता दिल्या जाणाऱ्या सवलतीविषयी माझी तक्रार आहे, आणि ती याच अंकात मांडलेली बरी. कारण अशी सवलत देणारे बहुतेक जण हा अंक वाचतात.

मी स्वमग्न आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ते. हा मराठी शब्द मला फारसा पटत नाही. स्वतःतच मग्न असे नाव एकदा ठेवले की पुढचे सोपे होते. जी स्वतःत बुडालेली, तिला विचारायचे काय? आपणच ठरवावे झाले!

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मला वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. हेतू चांगला होता, शांतता मिळावी हा. परंतु शंभर लेखण्यांच्या आवाजाने माझे काही बिघडत नाही. एकच पंखा टक्‌टक्‌ करू लागला की मात्र वाक्य पुढे सरकत नाही. त्या खोलीत नेमका तसाच पंखा होता, आणि एकटीवर नजर ठेवून बसलेले पर्यवेक्षक. पुढे सहलीच्या यादीतून माझे नाव परस्पर वगळले गेले. ‘तिला उगाच त्रास नको.’ गाडी कुठे किती वेळ थांबणार, एवढे आदल्या दिवशी कागदावर मिळाले असते तर मी आनंदाने गेले असते. ते कोणी विचारले नाही.

खरी अडचण याच्याही पुढे आहे. वेगळी खोली नको, असे मी दुसऱ्या परीक्षेला सांगितले. नंतर गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइटखालची जागा बदलून मागितली, तेव्हा उत्तर मिळाले, “मागे तर काही नको म्हणालीस!” म्हणजे नको ते निमूटपणे घेतले, तरच हवे ते मागण्याचा हक्क शाबूत राहतो.

कायदा असे म्हणत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ती आली. त्या कायद्याला अभिप्रेत असलेली वाजवी सोय म्हणजे आवश्यक आणि योग्य असे बदल. आवश्यक कोणाला, हे न विचारता कसे कळणार? विकाश कुमार यांना लिहिताना बोटांना पेटके येत. त्यांनी लेखनिक मागितला. संघ लोकसेवा आयोगाने नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि सोय ही प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे बेतलेली हवी, असे बजावले. मागणाऱ्याला दिल्लीपर्यंत भांडावे लागते आणि न मागणारीच्या पदरात नको ते पडते, हा प्रकार मोठा विचित्र आहे.

यावर एक प्राध्यापक म्हणाले, “तुम्ही मुले मागतच नाही, मग आम्ही काय करावे?” हे खरे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. साहेबांपुढे फार बोलू नये, हे बाबांनी प्रवेशाच्या दिवशीच बजावले होते. शिवाय काय काय मागता येते, हेच आमच्यासारख्यांना ठाऊक नसते. म्हणून कोणी काही देऊच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमचे एक सर तासाचे मुद्दे फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. तास बदलणार असेल तर तेही आधी लिहितात. ते मीही मागितले नव्हते. पण अर्धा वर्ग उतरवून घेतो, कोणी माझ्याकडे वळून पाहत नाही. ग्रंथालयातल्या काकांनी एकदा सहज सांगितले, “दुपारी तीननंतर इथे कोणी नसतं, बघ.” जायचे की नाही, ते माझ्यावर सोडले. अशा देण्याला मी सवलत म्हणत नाही आणि त्याचे ओझेही वाटत नाही.

परीक्षेच्या अर्जावर जात, धर्म, माध्यम अशा सगळ्यांसाठी रकाने आहेत. ‘आपणास कोणती सोय हवी?’ असा एक रकाना, पुढे तीन ओळी मोकळ्या, आणि ‘सध्या काही नको, पुढे कळवीन’ असे लिहिण्याची मुभा, एवढे करायला एका ओळीचाच टाइप वाढेल. पुढच्या सत्राचे अर्ज अजून छापायचे आहेत.